एल्व्हाच्या दिव्याचा फ्यूज

क्लेम विसरायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यांना ओळखीच्या जागी ठेवा, जागा बदलू नका. मी म्हटलं, आमची ओळखीची जागा चाकांवर आहे. त्या हसल्या नाहीत. पण मी खोटं बोलले नव्हते. घर विकून आम्ही त्या जुन्या जर्मन व्हॅनमध्ये राहायला लागलो त्याला बराच काळ लोटला होता. सकाळी काय खाल्लं ते क्लेमला आठवत नसे, पण व्हॅनमधला चमचा कुठल्या खणात आहे ते तो डोळे मिटून सांगायचा. मग त्याला शहरातल्या कुठल्या तरी पांढऱ्या खोलीत नेऊन मी काय साधणार होते? बहीण म्हणाली, मर्ना, तुझं डोकं फिरलंय. फिरलं असेल. पण माझ्या नवऱ्याची काळजी मी घेते, तिनं फोनवरून घेऊ नये.

आमच्या ह्या लाल मातीच्या मुलखात मुलांना दात घासायला शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. जे गाडीजवळ बसतात ते सापडतात. हे मला लग्नानंतर पहिल्यांदा बजावलं ते क्लेमनंच. त्याची सगळी हयात मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेली होती. त्याला इथला दगडन् दगड माहीत होता. आता तोच माणूस दिवस कलला की उठायचा, टोपी घालायचा आणि म्हणायचा, "चला, काम झालं. घरी जातो." आणि चालायला लागायचा.

बांधून ठेवू का त्याला? मी एक युक्ती काढली होती. व्हॅनच्या सरकत्या दारावर एक पिवळा दिवा होता, तो लावायचा आणि सांगायचं, "क्लेम, दिवा दिसतोय तोवर जा." एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात कशी टिकली होती देव जाणे. तो जायचा, मागे वळून बघायचा, दिवा दिसला की परत यायचा आणि विचारायचा, "आज मटण आहे ना?" टॉर्च टांगून पाहिला होता एकदा. त्या पांढऱ्या उजेडाजवळून तो सरळ पुढे निघून गेला. म्हणाला, हे दुसऱ्या कुणाचं बिऱ्हाड आहे. तेव्हापासून तो पिवळा दिवा म्हणजे माझ्या नवऱ्याचं परत येणं होतं. आणि हॅमंड्स वेल नावाच्या वस्तीच्या अलीकडे तो दिवा गेला.

आमच्या व्हॅनचे फ्यूज जुन्या चालीचे. बोटाच्या पेराएवढी चिनीमातीची कांडी, दोन्ही टोकं निमुळती आणि अंगावर पातळशी धातूची पट्टी. पांढरी कांडी आठ ॲम्पिअरची, लाल सोळाची. लोकांना वाटतं फ्यूज दिव्याला जपतो. चूक. फ्यूज तारेला जपतो. तारेतून नको तेवढा प्रवाह जायला लागला की तार तापून गाडी पेटायच्या आत त्या पट्टीनं वितळून मरायचं. तेवढ्याचसाठी तिचा जन्म. म्हणून फ्यूज उडाला तर फ्यूजवर रागवायचं नसतं, तो कुणासाठी मेला ते शोधायचं असतं.

मी शोधत होते. एक नवा लावला, उडाला. शेवटचा लावला, तोही उडाला. मी दाराच्या फटीत डोकं घालून तार चाचपत होते, तेवढ्यात मागे जळका वास आला. क्लेमनं चॉकलेटची चांदी उडालेल्या फ्यूजला गुंडाळून तो परत जागेवर बसवला होता. लोकर कातरणाऱ्यांची ही जुनी खोड. घरी पोचेपर्यंत चालतं म्हणतात. घरी पोचायचं की जळायचं हे चांदीला कळत नाही. तारेवरून धूर निघायला लागला होता. मी झडप घालून तो फ्यूज उपसला, बोटं भाजली आणि असा काही आरडाओरडा केला की झाडावरचे पोपट उडाले.

"अक्कल गहाण टाकलीस का? आपण दोघं आत झोपतो ना?"

क्लेम माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या मालकांना सांगू नका हं. मी दुरुस्त करून देतो."

मला ओळखत नव्हता तो. मी तो चांदीत गुंडाळलेला फ्यूज लांब झुडपात भिरकावला आणि गाडीच्या मागे जाऊन रडले.

रडून झाल्यावर तार सापडली. दार सरकतं तिथे घासून घासून तिचं आवरण गेलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. चिकटपट्टी गुंडाळली, तार नीट वर बांधली. आता फक्त एक आठाचा फ्यूज हवा होता. हॅमंड्स वेलच्या पेट्रोलपंपावरच्या पोरानं नव्या चालीचे पातीवाले फ्यूज दाखवले. ते आमच्या फ्यूजच्या डबीत बसणार कसे? तो म्हणाला, "आजी, असलं जुनंपानं डल्सीकडे मिळेल. भंगाराचं आवार, रस्त्याच्या टोकाला."

डल्सी ही माझ्याहून मोठी, वाळून कडक झालेली बाई. क्लेमला तिनं सावलीत खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्यानं तिला तीनदा तिचं नाव विचारलं तर तीनदा तितक्याच आनंदानं सांगितलं. तेवढ्यावर मला ती आवडली.

"चिनीमातीचे फ्यूज?" ती म्हणाली. "बये, ते लोकांनी कधीच ओरबाडून नेलेत. उद्या सकाळी सामानाचा ट्रक येतोय, त्यात नव्या फ्यूजचं घर मागवलंय. तुझ्या तारेच्या मध्येच जोडून देते, जन्माची कटकट जाईल."

"उद्याचं ठीक आहे. आज संध्याकाळचं काय करू?" मी तिला क्लेमचं सगळं सांगितलं.

 सांगता सांगता मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. आवाराच्या अगदी टोकाला, बाकी गाड्यांपासून वेगळी, आमच्यासारखीच एक व्हॅन उभी होती. हिरवी. तोंड रस्त्याकडे, सरकतं दार सताड उघडं. तिचे आरसेसुद्धा जागेवर होते.

"ती कुणी ओरबाडली नाही वाटतं?"

"ती एल्व्हाची आहे," डल्सी म्हणाली. "एल्व्हा आणि सिरिल. पश्चिमेच्या वाटेवर गाडी बंद पडली. सिरिल म्हणाला, तू बस, मी मदत आणतो. तो गेला. ती नियमाप्रमाणे बसून राहिली. त्याला वाट दिसावी म्हणून रोज संध्याकाळी दारावरचा दिवा लावायची. बॅटरी संपली, मग पाणी संपलं. आम्ही पोचलो तेव्हा ती दारात बसल्यासारखी होती. सिरिल आजपर्यंत सापडला नाही." तिनं कपातला गाळ मातीत ओतला. "गाडी ओढून इथे आणली. दार तेव्हा उघडं होतं, तसंच गंजून बसलं. तिघांनी ओढून पाहिलं, हललं नाही. मग मीच म्हटलं, राहू दे उघडं."

मी म्हटलं, "डल्सी, मला तिचा एक फ्यूज दे."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग क्लेमकडे पाहिलं. तो खुर्चीत बसून मावळतीकडे बघत होता आणि त्याचे पाय अस्वस्थ झाले होते.

"घे. पण रीत माहीत आहे ना? काय नेतेस, कशाला नेतेस ते तिला मोठ्यानं सांग. आणि जागा रिकामी ठेवू नकोस. तुझा जळका फ्यूज तिथे बसवून ये."

रीत मला माहीत होती. माझे वडील मेलेल्या माणसाच्या गाडीतून साधा स्क्रू घेतला तरी बदल्यात एक ठेवायचे. पण माझे दोन फ्यूज मी पंपावरच्या कचऱ्यात टाकून आले होते आणि तिसरा झुडपात होता. आणि खरं सांगायचं तर मला घाई होती. उन्हं उतरत होती, आणि भंगारातल्या व्हॅनशी मोठ्यानं बोलत बसायची मला लाज वाटली.

हिरव्या व्हॅनमध्ये उन्हानं तडकलेलं स्टीअरिंग होतं आणि सीटवर गवताची बायकी टोपी. बॅटरीची जागा मोकळी होती, ते मी नीट पाहिलं. दारावरच्या दिव्याची काच मात्र पिवळसर चमकत होती. उन्हाची तिरीप असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. डबीतून पांढरी कांडी उपसली. ती कोमट लागली. आणि काचेवरची चमक गेली. ऊन होतं तिथेच होतं.

मी फ्यूज खिशात टाकला आणि डल्सीला हात करून निघाले.

पंपाच्या झगझगीत दिव्यांनी क्लेम बावचळतो, म्हणून आम्ही दहा-पंधरा मिनिटं पुढे जाऊन एका कोरड्या ओढ्याकाठी थांबलो. फ्यूज चपखल बसला. दिवा लागला, आणि असा लागला की मी हसले. इतका दाट पिवळा उजेड त्यानं कधी दिला नव्हता.

क्लेम टोपी घालून उभाच होता. "काम झालं. घरी जातो."

"दिवा दिसतोय तोवर जा," मी म्हटलं आणि मटण तव्यावर टाकलं.

माझी पाठ दाराकडे होती. थोड्याच वेळात पायरी करकरली आणि क्लेम पायरीवर बसल्याचं मला कळलं. मान वळवून पाहिलं तर त्याची पाठ आणि टोपी दिसली. आज लवकर आला. माझा जीव भांड्यात पडला.

"पाणी दे गं," तो म्हणाला. आवाज फार कोरडा होता.

मी न बघताच कप भरून पायरीवर ठेवला. "एवढ्यात दमलास?"

"फार चाललो."

"हो ना, मोठा आलाय चालणारा. गेलास न गेलास तोच परत."

कप पायरीवर सरकल्याचा आवाज आला. "दिवा ठेवलास ते बरं केलंस. मला वाटलं, तू विझवलास. मग म्हटलं नाही, ती विझवणार नाही."

असलं तो आजकाल बोलायचा. मी मटण उलटलं. एवढं सलग वाक्य तो बऱ्याच महिन्यांत बोलला नव्हता म्हणून मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, आज डोकं जागेवर आहे, बोलून घ्यावं.

"मी बरी विझवेन! रोज लावते तुझ्यासाठी."

"माहीत आहे, एल्व्हा."

माझा हात तव्यावरच थांबला. मनाला समजावलं, डल्सीच्या तोंडून ऐकलं असेल त्यानं नाव. मला आज 'बाई' म्हणाला होता, आता एल्व्हा म्हणेल. आजार आहे, दुसरं काय?

आणि तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून, खूप लांबून, क्लेमनं हाक मारली.

"मर्ना! अगं मर्ना! दिवा का घालवलास? मला काही दिसत नाहीये!"

मी ती हाक कधी विसरणार नाही. कित्येक दिवसांत त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. आता घेतलं, आणि ते भीतीनं. आणि तो भरगच्च पिवळा उजेड माझ्या हातावर, तव्यावर, पायरीवरच्या त्या पाठीवर पडलेला होता.

मी हळूहळू वळले. पायरीवरच्या माणसाचे बूट दिसले. तळ पूर्ण झिजून गेलेले, नुसती वरची कातडी पायाभोवती राहिलेली. क्लेम चपला घालून गेला होता.

"दिसत नाहीये गं!" पुन्हा हाक आली. ती आधीपेक्षा लांबून आली होती. तो उलट्या दिशेनं चालला होता.

तरी माझं डोकं चाललं. दिव्याचा फ्यूज एल्व्हाचा होता, तो उजेड तिच्या माणसासाठी होता. पण हॉर्नचा फ्यूज वेगळा. तो माझा होता. मी पुढच्या सीटवर झेपावले आणि हॉर्नवर हात दाबून धरला. त्या जुन्या व्हॅनचा हॉर्न म्हणजे घसा बसलेलं मेंढरू. क्लेम त्याला जन्मभर हसत आलाय. मी वाजवत राहिले, थांबत, ऐकत, पुन्हा वाजवत.

"हां हां, येतो! ओरडतेस काय!" हाक जवळ आली.

पायरीवरचा माणूस तसाच बसून होता. त्यानं मान वळवली नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे.

"तू एल्व्हा नाहीस," तो म्हणाला.

"नाही, सिरिल."

"मग ती कुठंय? मी दिवा बघून आलो."

मला त्याची भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच. पण त्याहून जास्त मला माझी चीड आली. इतकी वर्षं ती बाई दिवा धरून बसली, हा चालत राहिला, आणि आता कुठे पोचायला आला तर मी तो दिवा खिशात घालून घेऊन आले. एक जळका फ्यूज ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. दोन शब्द बोलायची लाज वाटली होती.

"ती हॅमंड्स वेलला आहे," मी म्हटलं. "तुझीच वाट बघतेय. दिवा मी काढून आणला, चूक माझी. मी तुला नेते."

मी डबीतला तो पांढरा फ्यूज ओढला. दिवा गेला. पुढचे मोठे दिवे लावले तेव्हा पायरी रिकामी होती. आणि त्या मोठ्या दिव्यांच्या झोतात, डोळ्यांवर हात धरून, चपला फटफटवत क्लेम येत होता. माझा क्लेम. मी धावत जाऊन त्याला अशी मिठी मारली की त्याची टोपी पडली.

"बाई, बाई," तो म्हणाला, "माझी बायको बघेल."

"बघू दे," मी म्हटलं.

मटण तव्यावर जळत होतं. मी ते तसंच ओढ्यात भिरकावलं. पायरीवरचा कप उचलला. त्यात पाणी नव्हतं, काठोकाठ बारीक लाल माती होती.

डल्सीच्या आवारापर्यंत मी आरशात एकदाही पाहिलं नाही. मागची सीट मध्येच कुरकुरत होती. क्लेम एकदा मागे वळला आणि कुणाला तरी मान डोलावून पुन्हा पुढे बघायला लागला.

डल्सी दारात उभी होती. आमच्या गाडीचे दिवे तिला लांबूनच दिसले असावेत. तिनं फाटक उघडलं. मी हिरव्या व्हॅनच्या टपावर हात ठेवला. पत्रा अजून दिवसाचं ऊन धरून होता.

"एल्व्हा," मी मोठ्यानं म्हटलं, "तुझ्या दिव्याचा फ्यूज मी नेला होता. माझ्या नवऱ्याला वाट दिसावी म्हणून नेला. तुला विचारलं नाही, जागा रिकामी ठेवली. परत आणलाय. आणि तोही आलाय."

फ्यूज डबीत बसवला. दिवा लगेच लागला नाही. आधी काच किंचित उजळली, मग पिवळी, मग उजेड पायरीवर उतरला. बॅटरीची जागा मोकळीच होती. डल्सीनं डोक्यावरची टोपी काढली. आमच्या व्हॅनची पायरी करकरली, कुणी उतरताना करकरते तशी.

क्लेम माझा हात धरून उभा होता. "कुणीतरी दिवा लावलाय बघ," तो म्हणाला. "चल, आपण बाजूला होऊ. त्यांना जेवायला बसायचं असेल."

आम्ही डल्सीकडेच झोपलो. सकाळी ट्रक आला. डल्सीनं तार मधोमध कापली, नव्या फ्यूजचं घर जोडलं आणि पातीवाला फ्यूज खटकन बसवून दाखवला. आमचा दिवा लागला, नेहमीचा, जरा मरगळलेला. मला तो फार आवडला. नको म्हणत असताना तिनं माझ्या हातात मूठभर जास्तीचे फ्यूज कोंबले.

निघताना आम्ही तिघं टोकापर्यंत गेलो. हिरव्या व्हॅनचा दिवा विझला होता. आणि जे दार तिघांना हललं नव्हतं, ते बंद होतं. रुळावरचा गंज सरळ रेषेत खरवडला गेला होता. डल्सीनं कडी हळूच ओढून पाहिली. आतून लावलेली होती.

ती तिथेच मातीत खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आता इथे कुणी भंगार मागायला आलं तर तंगडी मोडीन."

क्लेम काचेतून आत डोकावायला निघाला होता. मी त्याला मागे ओढलं.

"आत कोण राहतं?" त्यानं विचारलं.

"एक जोडपं," मी म्हटलं. "नवरा कामावरून उशिरा आलाय. झोपू दे."

त्याला ते पटलं. गाडीपर्यंत तो माझा हात धरून चालला. चढताना थांबून त्यानं दारावरच्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं त्या क्षणापुरता तो पूर्ण माझाच होता.

"मर्ना, मी नाही आलो तर तू किती बसशील?"

मी त्याची टोपी सरळ केली. "बसणार नाही," मी म्हटलं. "हॉर्न वाजवीन."